सुटीचा दिवस आणि ग्रंथखरेदी

कुटुंबाच्या वार्षिक खर्चाची वही उघडून पाहिली तर तींत धान्य, दूध, औषधें, शाळांच्या फिया, लग्नकार्यांतील आहेर, देवधर्म, प्रवास व सणावारांचा फराळ यांचीं सदरें ओळीनें मांडलेलीं दिसतात. त्यांपैकीं एकाही सदराविषयीं घरांत वाद होत नाहीं. कारण तीं सर्व आवश्यक आहेत अशी सर्वांची समजूत असते. परंतु 'पुस्तकें' असें स्वतंत्र सदर ज्या वहींत आहे अशीं घरें किती निघतील, हें वाचकांनीं आपल्या मनाशींच पाहावें. शाळेचीं क्रमिक पुस्तकें आम्ही यांत धरीत नाहीं. तीं फीचाच एक भाग होत. लग्नमुंजींत आहेर म्हणून आलेलीं पुस्तकेंही धरीत नाहीं. घरांतील माणसांनीं आपल्या आवडीनें, स्वतः पाहून, पदरच्या पैशानें विकत आणलेलें पुस्तक, एवढाच अर्थ आम्हांस अभिप्रेत आहे. दिवाळीच्या फराळास तूप किती लागलें याचा हिशेब ज्या घरांत सर्वांना तोंडपाठ असतो, त्याच घरांत गेल्या वर्षीं कोणतें नवें पुस्तक आलें असें विचारल्यास बहुधा सर्वजण एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात.

सुटीच्या दिवसाची आमच्या लोकांत एक दिनचर्या ठरून गेली आहे. सकाळीं उशिरां उठावें, चहाचा दुसरा पेला वर्तमानपत्राबरोबर सावकाश संपवावा, स्नानाची टाळाटाळ करावी, दुपारीं गोडाधोडाचें जेवून जी झोंप घ्यावी ती दिवेलागणीपर्यंत; आणि मग 'सुटी कशी गेली कळलेंच नाहीं' असा उद्गार काढून दुसऱ्या दिवशींच्या डब्याची चिंता करीत निजावें. हा आळस निंद्य आहे असें आम्ही म्हणत नाहीं. आठवडाभर राबणाऱ्या माणसास थोडा आळस औषधासारखाच असतो. उलट आमचें म्हणणें असें कीं, ग्रंथखरेदीस मनाची जी स्थिति लागते ती अशा आळसावलेल्या दिवशींच सांपडते. भाजी घाईनें घेतां येते, कारण काय हवें तें आधींच ठरलेलें असतें. पुस्तकाचें तसें नाहीं. एक पाहावयास जावें आणि शेजारचें हातीं यावें, दोन पानें वाचावींत, ठेवून द्यावें, पुन्हां उचलावें, असें ज्यास करतां येत नाहीं त्यानें पुस्तकाच्या दुकानांत जाऊं नये. तेव्हां त्या आळसाचे दोन-तीन तास आम्ही मागतों, अधिक नाहीं.

विकत घेतलेलें छापील पुस्तक घरांत असणें ही गोष्ट आज क्षुल्लक वाटते. पण आमच्या समाजांत ती दोनशें वर्षांचीही जुनी नाहीं. मराठी मुद्रणाचा आरंभ १८०५ च्या सुमारास बंगालमधील श्रीरामपूर येथें विल्यम कॅरे यांच्या छापखान्यांत झाला खरा. परंतु सामान्य गृहस्थाच्या देवघरापर्यंत छापील कागद पोंचला तो गणपत कृष्णाजी यांच्यामुळें. त्यांनीं मुंबईस शिळाछापावर १८३१ सालीं मराठी पंचांग छापून विकावयास काढलें. शाईंत चरबी असेल या शंकेनें कर्मठ लोक छापील कागदास शिवत नसत, म्हणून त्यांनीं तुपाची शाई वापरली, अशी हकीकत सांगतात. छापील कागदास स्पर्श करण्यास भिणारे लोक आपल्या काळींही आहेत, असें गोविंद नारायण माडगांवकर यांनीं 'मुंबईचें वर्णन' या १८६३ सालच्या ग्रंथांत नमूद करून ठेवलें आहे. म्हणजे ज्या घरांत आज पोथीपासून पाकशास्त्रापर्यंत सर्व कांहीं छापील आहे, त्याच घरांतील पांच-सहा पिढ्यांपूर्वींच्या कर्त्या पुरुषानें छापील पंचांग सोंवळ्यांत घ्यावें कीं न घ्यावें याचा विचार केला असण्याचा संभव आहे. अखेरीस त्यानें तें घेतलें, हें बरें झालें.

पुढें जावजी दादाजी यांनीं १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढला आणि त्याच्या सुबक टाइपानें संस्कृत व मराठी ग्रंथांस जें रूप दिलें त्याचें कौतुक परदेशस्थ पंडितांनींही केलें. पुण्यास महादेव चिमणाजी आपटे यांनीं १८८८ सालीं आनंदाश्रम स्थापिला व तेथून संस्कृत ग्रंथांची मोठी मालिका प्रसिद्ध झाली. पूर्वीं जो ग्रंथ नकलून घेण्यास शास्त्र्याचे महिनेच्या महिने जात, तो थोडक्या पैशांत विकत मिळूं लागला. परंतु छापणारा निघाला म्हणजे काम झालें असें नव्हे. घेणाराही निघावा लागतो. ही चिंता त्या काळच्या धुरीणांना होतीच. १८७८ सालीं न्यायमूर्ति रानडे व लोकहितवादी यांच्या पुढाकारानें पुण्यास ग्रंथकारांचें जें पहिलें संमेलन भरलें, त्याच्या मुळाशीं मराठी ग्रंथांची वाढ कशी व्हावी हाच प्रश्न होता.

याहून बोलकें उदाहरण डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचें. महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड १९२० पासूनच्या दशकांत बाहेर पडले. त्यामागें कोणा संस्थानिकाचा खजिना नव्हता. केतकरांनीं त्यासाठीं भागीदारीची कंपनी काढली, गांवोगांव हिंडून भाग विकले आणि वर्गणीदार मिळविले. वकील, मास्तर, मामलेदार, कारकून अशा माणसांनीं अद्याप न छापलेल्या ग्रंथासाठीं पैसे दिले, म्हणून तो ग्रंथ छापला गेला. आजही जुन्या वाड्यांतील माळ्यावर ते खंड कापडांत बांधलेले आढळतात, ते त्या गृहस्थांच्या विद्वत्तेचे नव्हे तर विश्वासाचे द्योतक आहेत. ग्रंथ लिहिणारा एक, छापणारा दुसरा आणि विकत घेणारा तिसरा. यांपैकीं तिसरा जर घरीं झोंपून राहिला तर पहिल्या दोघांचा निरुपाय होतो.

हें आजच्या काळास कसें लागू पडतें तें पाहूं. २०११ च्या जनगणनेंत मराठी ही आपली मातृभाषा असें सांगणारांची संख्या सुमारें ८ कोटी ३० लाख भरली. आणि मराठी पुस्तकाची आवृत्ति आजही पुष्कळदां हजार-अकराशें प्रतींचीच असते. आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही हें गणित घालूं शकलों असतों: हजार प्रतींनीं भाग दिल्यास दर ८३,००० माणसांमागें एक प्रत पडते, म्हणजे एका बऱ्यापैकीं मोठ्या तालुक्याच्या गांवांतील सर्व लहानथोरांत मिळून एक पुस्तक! ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्याचा आनंद घरोघर झाला, आणि तो यथायोग्यच होता. परंतु दर्जा दिल्लीहून येऊं शकतो. वाचक मात्र ज्याच्या त्याच्या घरांतूनच यावा लागतो. याच हिशेबाची दुसरी बाजू अशी कीं, आवृत्ति लहान असल्यामुळें एकेका गिऱ्हाइकाचें वजन फार मोठें आहे. दोन-तीनशें कुटुंबांनीं एखादें चांगलें पुस्तक मनावर घेतलें तर त्याची आवृत्ति हलते आणि प्रकाशक त्याच लेखकाचें दुसरें पुस्तक काढण्यास धजतो. इतकी सत्ता सामान्य गृहस्थास दुसऱ्या कोणत्याही व्यवहारांत नाहीं.

आतां प्रत्यक्ष खरेदीकडे वळूं. पुण्यांतील वाचकांस ठिकाण सांगण्याची गरज नाहीं. शनिवारवाड्याकडून बाजीराव रस्त्यानें येऊं लागलें कीं थोड्याच अंतरावर जो चौक लागतो, तो पेशवाईंतील सरदार आप्पा बळवंत मेहेंदळे यांच्या नांवानें ओळखला जातो. आणि आज त्या नांवाचा उच्चार होतांच सरदाराची आठवण कोणास होत नाहीं, पुस्तकांचीच होते. मुंबईकरांना गिरगांव व दादर, नागपूरकरांना सीताबर्डी, आणि इतर गांवींच्या मंडळींना आपापली पेठ ठाऊकच आहे. जाण्यापूर्वीं दोन गोष्टी पाहाव्या. पहिली, दुकान त्या दिवशीं उघडें आहे कीं नाहीं याची चौकशी करावी; पुष्कळ दुकानें आठवड्याची सुटी पाळतात आणि ती नेमकी आपल्याच सुटीस येते. दुसरी, जून महिन्यांत जाऊं नये. त्या दिवसांत शाळा सुरू होत असल्यामुळें सारी पेठ क्रमिक पुस्तकें, वह्या व वेष्टनाचे कागद घेणाऱ्या आईबापांनीं भरून गेलेली असते; तेथें कादंबरीचें पान उलटून पाहणारा मनुष्य म्हणजे लग्नाच्या पंगतींत उपास सोडावयास बसलेल्या पाहुण्यासारखा सर्वांच्या वाटेंत येतो.

दुकानांत गेल्यावर यादी खिशांतच ठेवावी. प्रथम नुसतें पाहावें. नवें पुस्तक हातीं घेतलें म्हणजे मुखपृष्ठावरील चित्राकडे आणि पाठीमागील स्तुतीकडे सर्वांचें लक्ष जातें. हीं दोन्ही विक्रीसाठीं असतात, वाचनासाठीं नसतात. आमची रीत निराळी आहे. आधीं आंतील शीर्षकपृष्ठ उलटून त्याच्या मागची बाजू वाचावी. तेथें लहान अक्षरांत पहिली आवृत्ति केव्हांची, प्रस्तुत आवृत्ति कितवी, हक्क कोणाचे, मुद्रक कोण, हें सर्व दिलेलें असतें. पुस्तकाची जन्मपत्रिका ती हीच. नंतर अनुक्रमणिका पाहावी. माहितीपर ग्रंथ असल्यास शेवटीं सूचि आहे कीं नाहीं हें पाहावें. ज्या लेखकानें चारशें पानांचा इतिहास लिहिला आणि सूचि दिली नाहीं, त्यानें वाचकास मोठा वाडा दाखविला पण किल्ल्या आपल्याच कनवटीला ठेवल्या. मग प्रस्तावनेचा पहिला परिच्छेद आणि मधलें कोणतेंही एक पान वाचावें. पहिलें पान प्रत्येक लेखक नटवून लिहितो. मधल्या पानावर तो घरच्या वेषांत सांपडतो.

शरीरपरीक्षाही करावी. पुस्तकें फर्म्यांनीं छापलीं जातात आणि फर्मा बहुधा सोळा पानांचा असतो. म्हणून चांगल्या पुस्तकाची एकूण पानें आठ किंवा सोळाच्या पटींत येतात. पुस्तक मिटवून पाठीच्या वरच्या कडेकडे पाहिलें असतां फर्म्यांच्या घड्या एकीशेजारीं एक स्पष्ट दिसल्या तर बहुधा शिवण आहे असें समजावें. सर्व पानें सुटीं कापून नुसत्या डिंकानें चिकटविलेलीं असतील तर तेथें सपाट रेघ दिसते. कादंबरी एकदां वाचून द्यावयाची असेल तर चिकट बांधणीही चालते. पण शब्दकोश, ज्ञानेश्वरी किंवा पाकशास्त्राचें पुस्तक, जें दहा हातांतून जाणार व उघडें पालथें पडणार, तें शिवलेलेंच घ्यावें. त्यासाठीं चार पैसे अधिक पडले तरी ते पुढें वसूल होतात. कागद फार पातळ व भुरकट असेल तर तो थोड्याच वर्षांत पिवळा पडून कडेनें तुटूं लागतो; वर्तमानपत्राच्या जातीच्या कागदांत लांकडाचा जो अंश शिल्लक राहतो त्याचा तो परिणाम होय.

बरोबर मुलें असलीं तर त्यांना एक खेळ द्यावा. पुस्तकाच्या मागें तेरा आंकड्यांचा जो क्रमांक असतो त्याचा आरंभ ९७८ नें होतो. (२००७ पूर्वीं हा क्रमांक दहा आंकड्यांचा असे.) पहिल्या आंकड्यास एकानें, दुसऱ्यास तिनानें, तिसऱ्यास पुन्हां एकानें, असें आळीपाळीनें गुणून सर्वांची बेरीज केली तर तिला दहानें निःशेष भाग गेलाच पाहिजे, न गेल्यास कोठें तरी आंकडा चुकला आहे. शेवटचा आंकडा याच तपासणीसाठीं योजिलेला असतो. वडील मंडळी पुस्तकें चाळीत असतां मुलें अर्धा तास या हिशेबांत गुंततात, आणि तेवढ्या वेळांत दहा-वीस पुस्तकें त्यांच्या हातून जातात. त्यांपैकीं एखादें हातांतच राहतें.

जुन्या ग्रंथांच्या नव्या आवृत्त्यांविषयीं मात्र विशेष सावधगिरी हवी. आपल्या देशाच्या कायद्याप्रमाणें लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षें त्याच्या ग्रंथाचा हक्क वारसांकडे राहतो. नंतर तो ग्रंथ कोणासही छापतां येतो. साने गुरुजी १९५० सालीं निवर्तले. त्यामुळें २०११ पासून त्यांचे ग्रंथ सर्वांस मोकळे झाले आणि १९३३ मध्यें नाशिकच्या तुरुंगांत लिहिलेली 'श्यामची आई' आतां अनेक प्रकाशकांच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत मिळते. हरि नारायण आपटे, गडकरी, टिळक यांचे ग्रंथ त्याहून कितीतरी आधींच मोकळे झाले आहेत. ग्रंथ स्वस्त झाला हें चांगलेंच. परंतु मोकळ्या ग्रंथास राखणदार राहत नाहीं. कोणी प्रकरणें गाळतो, कोणी प्रस्तावना काढून टाकतो, कोणी 'आजच्या मुलांस कळावें' म्हणून वाक्येंच बदलतो, आणि मुखपृष्ठावर 'संक्षिप्त' हा शब्द घालण्याचें सौजन्य मात्र दाखवीत नाहीं. लेखनपद्धतींतील बदल समजण्याजोगा आहे. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनीं अनुच्चारित अनुस्वार गेले, त्याप्रमाणें जुन्या ग्रंथांतूनही ते काढलेले आढळतात, आणि अर्थास त्यानें फारसा बाध येत नाहीं. वाक्य बदललें तर मात्र लेखकच बदलतो. म्हणून 'श्यामची आई' घेतांना एकेका रात्रीची एकेक कथा ही मूळची मांडणी शाबूत आहे कीं नाहीं हें पाहावें. लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' १९३४ ते १९३६ या काळांत भागशः प्रसिद्ध झालीं व त्यांचे भाग चार आहेत. त्या ग्रंथाची संक्षिप्त आवृत्तिही प्रचारांत असल्यामुळें आपण कोणती घेत आहों हें विचारून घ्यावें. संक्षेप वाईट नव्हे. न सांगतां केलेला संक्षेप वाईट.

तीच गोष्ट पदपथावर निम्म्या किंमतीस मिळणाऱ्या चोरट्या छपाईची. वापरलेलें जुनें पुस्तक स्वस्तांत घेणें हा सज्जनांचा जुनाच छंद आहे. परंतु कोऱ्या करकरीत, नुकत्याच गाजलेल्या ग्रंथाची पुसट छपाईची प्रत जेव्हां विलक्षण स्वस्त मिळते, तेव्हां लेखकाच्या वाट्याचें मानधन कोणी तरी परस्पर घेतलें आहे असें समजावें. ज्या घरांत मुलांना सरस्वतीपूजनाच्या दिवशीं पाटीपुस्तकास नमस्कार करावयास शिकवितात, त्या घरांत असें पुस्तक आणूं नये. किंमतीची सवलत हवी असेल तर ती सरळ मार्गानेंही मिळते: मोठ्या ग्रंथांस प्रकाशनापूर्वीं सवलत असते, आणि नेहमींच्या गिऱ्हाइकास दुकानदारही आनंदानें थोडें कमी करतो. छापील पुस्तकावर २०१७ पासूनच्या वस्तु व सेवा कराचाही बोजा नाहीं, हें येथें सांगून ठेवतों.

पुस्तकें कोणासाठीं घ्यावयाचीं, हा खरा प्रश्न. एकत्र कुटुंबांत अन्न शिजवितांना पथ्याचें वेगळें, लहानांचें अळणी, उपासाचें निराळें, असा सर्वांचा विचार होतो; पण पुस्तक आणावयाचें तर कर्त्या पुरुषाच्या आवडीचें किंवा मुलांच्या परीक्षेच्या उपयोगाचें, एवढेंच सुचतें. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत याहून निराळा नियम आहे. त्या घरीं ऐंशीच्या पुढच्या आजी, दोन मुलगे, दोन सुना व तीन नातवंडें असा परिवार आहे. दर तीन महिन्यांनीं एका सुटीस पुस्तकें घ्यावयाचीं व प्रत्येकानें आपलें एक सांगावयाचें, असा त्यांचा परिपाठ. एकदां यादी करतांना थोरल्या सूनबाईंनीं विचारलें, "आई, तुमच्यासाठीं काय आणूं?"

"मला कशाला ग आतां?" आजी म्हणाल्या. "अक्षरं मुंग्यांसारखीं पळतात डोळ्यांपुढं. माझ्या वाटचं त्या बाळाला आण."

बाळ म्हणजे अकरा वर्षांचा नातू. तो इंग्रजी माध्यमाच्या शाळेंत. मराठी बोलण्यांत चलाख, पण वाचावयास दिलें तर जोडाक्षराशीं अडखळून पुस्तक बाजूस सारणारा. सूनबाईंनीं त्या दिवशीं महाभारतांतील कथांचें एक मराठी पुस्तक आणलें आणि ठरवून दिलें कीं, तें आजींचें. पण रात्रीं जेवणानंतर बाळानें तें आजींस वाचून दाखवावें. पहिल्या रात्रीं अर्धें पान वाचावयास त्यास पंधरा मिनिटें लागलीं. आजींना दिसत नव्हतें, पण कान शाबूत होते. "ध्रुतराष्ट्र नव्हे रे, धृतराष्ट्र म्हण. जिभेला घाई करूं नकोस," असें म्हणत त्या अंधुक डोळ्यांनीं त्याच्याकडे पाहत बसत. कधीं तो कंटाळून उठे. मग आजी पुढची कथा तोंडानेंच सांगूं लागत, आणि पुस्तकांत तसेंच आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं तो पुन्हां पुस्तक उघडी. चार महिन्यांत पुस्तक संपलें. पुढच्या खरेदीच्या वेळीं तो स्वतः दुकानदारास म्हणाला, "काका, जरा मोठ्या अक्षरांचं दाखवा. आजीला मधूनमधून स्वतः बघायचं असतं."

या हकीकतींत अद्भुत असें कांहीं नाहीं. परंतु त्या घरांत दोन माणसांचें मराठी वाचन संपत आलें होतें. एकाचें डोळ्यांमुळें, दुसऱ्याचें शाळेमुळें. एका पुस्तकानें दोघांचेंही वांचविलें. आज आमच्या वर्गांतील हजारों घरांत हीच स्थिति आहे. मुलें इंग्रजी माध्यमांत जातात. त्याचीं कारणें पालकांना पटलेलीं आहेत आणि त्यावर येथें वाद घालण्याचें प्रयोजन नाहीं. परंतु त्यामुळें एक गोष्ट अपरिहार्य झाली आहे: मराठी वाचनाचें जें काम पूर्वीं शाळा करीत असे, तें आतां घरानें केलें पाहिजे. घरानें तें केलें नाहीं तर ज्या कपाटांत आजोबांनीं हौसेनें जमविलेले ग्रंथ आहेत, तें कपाट नातवाच्या हातीं येईल तेव्हां त्यास त्यांतलें कांहींच वाचतां येणार नाहीं. मग तो त्यांचें काय करील हें सांगावयास ज्योतिषी नको.

यावर दोन आक्षेप नेहमीं घेतले जातात. पहिला असा कीं, ग्रंथालयें असतांना विकत कशाला घ्यावें? ग्रंथालयांविषयीं आमच्या मनांत नितांत आदर आहे. पुणें नगर वाचन मंदिर १८४८ चें, ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चें आणि मुंबईचें १८९८ चें. या संस्थांनीं पिढ्यान्‌पिढ्या वाचक घडविले. अलीकडे पांचगणीजवळच्या भिलार गांवीं २०१७ सालीं घरोघर पुस्तकें मांडून सारें गांवच वाचनालय करण्याचा उपक्रमही झाला. वर्गणी अवश्य भरावी. परंतु ग्रंथालयाचें पुस्तक पाहुणें असतें. तें पंधरा दिवसांनीं परत जातें. मुलाच्या मनांत घर करतें तें नेहमीं डोळ्यांपुढें असलेलें, आजारपणांत उशाशीं घेतलेलें, चारदां वाचून कोपरे दुमडलेलें पुस्तक. दुसरा आक्षेप असा कीं, आतां मोबाईलवर सर्व मिळतें आणि पुस्तकही घरपोंच येतें, मग उन्हातान्हांत पेठेंत कां जावें? ज्यांना चालवत नाहीं, जे परगांवीं किंवा परदेशीं आहेत, त्यांना ही सोय म्हणजे वरदानच होय. परंतु तेथें आपण जें मागतों तेंच मिळतें, किंवा मागें जें घेतलें त्यासारखेंच दुसरें पुढें केलें जातें. जें मागावें हें ठाऊकच नव्हतें, असें पुस्तक सांपडतें तें दुकानाच्या फडताळांतच. शिवाय घरपोंच आलेलें पुस्तक एकट्याचें असतें. चौघांनीं मिळून जाऊन आणलेलें पुस्तक चौघांचें होतें.

खर्चाचा प्रमाण म्हणून एक सोपा नियम सुचवितों. दिवाळीच्या सुमारास मिठाईवर जेवढें वेंचावें तेवढें वर्षभरांत पुस्तकांवर वेंचावें. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनीं १९०९ सालीं 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढल्यापासून आमच्या फराळाच्या ताटाशेजारीं वाङ्मय येऊन बसलेंच आहे. तें तेथेंच न थांबतां वर्षभर चालावें एवढीच अपेक्षा. यादींत तीन प्रकार असावे: एक ग्रंथ सर्वांच्या उपयोगाचा व कायमचा, जसा शब्दकोश; एक वडिलांनीं धाकट्यांसाठीं निवडलेला; आणि एक धाकट्यांनीं वडिलांसाठीं निवडलेला. तिसरा प्रकार विशेष महत्त्वाचा. आपल्या आईस, काकूस किंवा आजोबांस काय आवडेल याचा विचार मुलगा जेव्हां करूं लागतो, तेव्हां त्यास पुस्तकांचीही पारख येऊं लागते आणि माणसांचीही. घरांतील स्त्रियांनीं आपलें पुस्तक आपणच निवडावें, पाकशास्त्र व व्रतकथा एवढ्यांवर त्यांची बोळवण करूं नये, हें आतां सांगण्याची आवश्यकता नसावी. तरी कांहीं घरांत अद्याप आहे, म्हणून सांगतों.

पुस्तकें घरीं आल्यावर तीं तशींच टेबलावर पडूं देऊं नयेत. त्याच संध्याकाळीं पहिल्या पानावर तारीख, गांव आणि कोणी कोणासाठीं घेतलें तें शाईनें लिहावें. कडेनें कोरें कव्हर घालावें, कपाटांत वेखंडाचे दोन तुकडे ठेवावे, म्हणजे कसर लागत नाहीं; पावसाळा संपतांच एकदां सर्व पुस्तकें काढून, झटकून, सावलींत वारा देऊन पुन्हां लावावीं. भिंतीस लागून कपाट असेल तर मागें चार बोटें जागा ठेवावी, ओल पुस्तकांपर्यंत येत नाहीं. आणि कपाटास कुलूप असल्यास त्याची किल्ली मुलांच्या हातास येईल अशा खिळ्यावर टांगावी.

येत्या सुटीस दुपारची झोंप थोडी आवरती घेऊन वाचकांनीं घरांतील एखाद्या मुलास किंवा मुलीस बरोबर घ्यावें व पेठेंत जावें. एकच पुस्तक आणलें तरी पुरें. मात्र त्या रात्रीं त्याचें निदान एक पान घरांत मोठ्यानें वाचलें जावें.